नाव पुसलेली फाइल

सांगली

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

फुकटच्या साइटींवरून उतरवलेल्या गाण्यांचा तुझा पेनड्राइव्ह मिळाला. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस, "विकत घेतलं तरी कलाकाराला मिळतं कितीसं? मग फुकट उतरवलं तर बिघडलं काय?" प्रश्न रास्त आहे. तू आता जतकडच्या धनगरी ओव्यांचं ध्वनिमुद्रण करून बाहेर काढायला निघाला आहेस, तेव्हा हे आधी नीट समजून घे.

त्या पेनड्राइव्हवरची कुठलीही एक फाइल घे. तिच्यावर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज उघड, डिटेल्समध्ये जा. कलाकाराच्या रकान्यात काय लिहिलंय? वेबसाइटचं नाव. अल्बमच्या रकान्यात तेच, चित्राच्या जागी तिचाच शिक्का. संगीतकाराचा रकाना मोकळा. म्हणजे गाणं आलं, पण ते कुणाचं हे वाटेतच पुसलं गेलं. चोरीच्या प्रतीने पहिलं जातं ते नाव, पैसा त्याच्यानंतर.

लोक म्हणतात, फुकट पसरलं की जाहिरात होते, जत्रेच्या सुपाऱ्या, म्हणजे कार्यक्रमांची बोलावणी, वाढतात. नाव सोबत असेल तर तसं होतंही, ते मी नाकारत नाही. पण आटपाडीच्या रिक्षात वाजणारी ओवी कवठेमहांकाळच्या कुठल्या मंडळाची, हे फाइलच सांगत नसेल तर यात्रा कमिटी सुपारी द्यायला कुणाला शोधणार? सिनेमाच्या गाण्याला जाहिराती असतात, मोठी कंपनी पाठीशी असते. चैत्र-वैशाखाच्या जत्रांवर वर्ष काढणाऱ्या, धनगरी ढोलावर नाचणाऱ्या गजी मंडळाला आपलं नाव हीच काय ती पुंजी.

आता पैशाचं. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर एका ऐकण्याचा ठरलेला भाव नसतो. महिन्याची वर्गणी आणि जाहिराती मिळून जी रक्कम जमते, तिच्यातला साधारण दोन तृतीयांश हक्कधारकांकडे जातो आणि एकूण ऐकण्यांत ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याला मिळतो. त्यामुळे एका ऐकण्यामागे हाती पडतात ते पैसेच, रुपये नव्हेत. २०२४ पासून स्पॉटिफाय या स्ट्रीमिंग सेवेचा आणखी एक नियम आहे : मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा तरी ऐकलं न गेलेल्या गाण्याला रॉयल्टी, म्हणजे वापराचा मोबदला, नाही. छोट्या मंडळाला तो जाचक आहे आणि माझ्या मते अन्यायाचाही आहे. पण हिशेब कर. तुमच्या तालुक्यातल्या २०० माणसांनी ती ओवी अ‍ॅपवर पाच-पाच वेळा ऐकली तर १,००० भरतात. त्याच २०० जणांनी ती व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतली तर शून्यच राहतं, मग ती हजारदा वाजो की लाखदा. हा सगळा पैसा नोंदीच्या मागे चालतो आणि चोरीच्या प्रतीची नोंद कुठेच होत नाही.

तुझ्या प्रश्नात एक खरी गोष्ट आहे. गायकाने एकरकमी मानधन घेऊन सगळं लिहून दिलं असेल, तर तू विकत घेतलेल्या गाण्यातलं त्याच्यापर्यंत फारसं जात नाही. पण तो दोष कराराचा. तू फुकट उतरवलंस म्हणून करार सुधारत नाही, उलट कंपनीला पुढच्या वेळी मानधन पाडायला कारण मिळतं. कायद्याने यात थोडा आधार दिला आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा समान वाटा कंपनीला लिहून देऊच शकत नाहीत, लिहून दिला तरी तो टिकत नाही. गायक-वादकांनाही व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचा हक्क मिळाला. हा वाटा गीतकार-संगीतकारांसाठी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. मात्र सभासद होऊन गाणं नोंदवावं लागतं. न नोंदवलेल्या गाण्याचा मालक शोधत कुणी जतला येत नाही.

दर्जाचंही बोलू, कारण तू या फाइली नमुना म्हणून वापरणार आहेस. चार मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जाला ४२ एमबी होतं, ३२० केबीपीएस एमपीथ्रीत साडेनऊ एमबी, १२८ मध्ये पावणेचार. केबीपीएस म्हणजे दर सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती साठवली त्याचं माप. यूट्यूबवरून ओढून '३२०' म्हणून देणाऱ्या साइटी मुळातला कमी दर्जाचा आवाज मोठ्या फाइलीत ओततात. पाण्याची घागर बदलली म्हणून पाणी वाढत नाही. खात्री करायची तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाक, ट्रॅकच्या नावावर क्लिक करून स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या खालच्या-वरच्या कंपनांचं चित्र) निवड, स्केल लिनिअर ठेव आणि वरची मर्यादा २२,००० हर्ट्झ कर. १६,००० च्या आसपास सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसली आणि वर सगळं काळं असलं, तर ती बहुधा १२८ ची फाइल ३२० चा अंगरखा घालून आली आहे. कानाला हे टाळ-झांजेत आधी कळतं. झणत्कार सुटा न राहता फसफसतो. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, अशा फाइलीत ऐकून कुणी कान तयार करू नये. आणि फाइलीच्या नावाचा शेवट 'एपीके' असा असेल तर ते गाणं नाहीच, ते अ‍ॅप आहे. उघडू नकोस, पुसून टाक.

विकत घ्यायचं तर वाटा अशा. आयट्यून्स स्टोअर या अॅपलच्या ऑनलाइन दुकानात भारतात डिसेंबर २०१२ पासून गाणी मिळतात, २५६ केबीपीएसची, कॉपी करण्यावर कुलूप नसलेली, कायमची तुझी. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधलं 'डाउनलोड' म्हणजे खरेदी नव्हे. वर्गणी थांबली की ते वाजायचं थांबतं. बँडकॅम्प ही कलाकारांनी थेट गाणी विकायची साइट डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, पैसे चुकते करण्याचा खर्च वेगळा. बाकी कलाकाराचं, परदेशी कलाकारासाठी उत्तम. पण कलाकार आणि गिऱ्हाईक दोघंही भारतातले असले की घोडं अडतं, कारण तिथले पैसे पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवेमार्फत जातात आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले. म्हणून आपल्याकडच्या कलाकाराला सरळ निरोप धाड, यूपीआयने पैसे दे आणि वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या पूर्ण दर्जाची फाइल मागून घे. मधे कुणी नाही, आणि ते पैसे संध्याकाळच्या आत त्याच्या खात्यात असतात. मला हीच वाट सगळ्यांत आवडते.

सगळंच विकत घ्यावं लागतं असंही नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या जुन्या तबकड्यांचं मूळ मुद्रण आता सर्वांना मोकळं आहे. ते मनसोक्त उतरव. तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मिळत, तेवढ्यात राग उभा कसा करायचा हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता तुझं काम. मुद्रणाच्या आधी कागद कर, नंतर भांडणं होतात. ओवीचे शब्द पिढीजात असतील तर गीतकार म्हणून 'पारंपरिक' लिही, तुझं नाव तिथे घालू नकोस. गायक, ढोल, झांज, सूर धरणारे, प्रत्येकाचं नाव आणि टक्केवारी लिही, बेरीज १०० यायला हवी, सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घे. ज्याला रोख बिदागीच हवी त्याच्यापुढे रक्कम लिही. पुढेमागे कुणाला हक्क लिहून द्यायची वेळ आली तर मुदत आणि प्रदेश दोन्ही नमूद कर. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारतापुरता. कोऱ्या जागेवर सही करायची नाही.

मंडळाचं नाव रोमन लिपीत कसं लिहायचं ते एकदाच ठरवा. 'गजी'च्या शेवटी एकदा आय आणि एकदा दोन ई पडले, की अ‍ॅप दोन निरनिराळे कलाकार समजतं आणि ऐकण्याची संख्या दोन ठिकाणी फाटते. प्रत्येक गाण्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक मिळतो, गाणी अॅपवर पोचवणारे बहुतेक वितरक तो फुकट देतात. वहीत उतरवून ठेव. उद्या वितरक बदललास तर जुनाच क्रमांक द्यायचा, नाहीतर आधीची मोजणी हातची जाते. फाइल वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्यांत मोठा आवाज उणे १ डेसिबलच्या खाली. यूट्यूबची कंटेंट आयडी सेवा, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओंतलं तुमचं गाणं आपोआप ओळखणारी सोय, सुरू करण्याआधी बघ, कुठे बाजारातून घेतलेला तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा) वापरलायस का. वापरला असशील तर ती बंद ठेव. तोच लूप घेतलेल्या दुसऱ्या पोरांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे लागतील.

मुखपृष्ठ चौकोनी, ३,००० बाय ३,००० पिक्सेल. त्यावर सुपारीसाठी फोन नंबर टाकायचा मोह होईल, पण तेवढ्यावरून अ‍ॅप ते परत पाठवतात. नंबर यूट्यूबच्या वर्णनात लिही, आणि त्याच्याखाली सगळ्यांची नावं, ढोलवाल्यापासून सूर धरणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत, कागदावर आहेत तशीच.

तुझा,
काका