रिपोर्टवर 'कॅरिअर' आलंय आणि रोजचं आयव्हरमेक्टिन सुरू करायचंय? जरा थांबा

तुमचा प्रश्न वाचला आणि 'कॅरिअर' या शब्दाशीच अडकलो. २० किलोचा ऑस्ट्रेलियन शेफर्ड कुत्रा, अंगभर डेमोडेक्सचे (त्वचेतल्या सूक्ष्म किड्यांचे) चट्टे, एमडीआर१ (औषधं सोसण्याशी संबंधित जनुक) चाचणीत 'कॅरिअर', म्हणजे जनुकाची एक प्रत बिघडलेली. तुमचा हिशोब असा, की कॅरिअर म्हणजे त्याला स्वतःला काही व्हायचं नाही, पिल्लं घेताना काय ते बघू; शिवाय हार्टवर्मच्या (हृदयातल्या जंतांच्या) गोळीत आयव्हरमेक्टिन हे किडे-जंत मारणारं औषधच असतं आणि ती दोन वर्षं पचतेय. नेमक्या याच दोन समजुतींवर आमच्याकडे रोजचा डोस सुरू झाला होता. बाराव्या दिवशी कुत्रा भिंतीला धडकायला लागला.

मी डॉक्टर नाही. खालचं सगळं तुमच्या व्हेटसमोर ठेवा आणि मगच ठरवा.

आधी तो शब्द. डोळ्यांचे वगैरे बरेच आनुवंशिक आजार असे असतात, की जनुकाची एक प्रत चांगली असली की कुत्रा ठणठणीत राहतो. तिथे 'कॅरिअर' म्हणजे खरंच निर्धास्त. इथे तसं नाही. एबीसीबी१ (जुनं नाव एमडीआर१) या जनुकातली चार अक्षरं गळलेली असतात, त्यामुळे पी-ग्लायकोप्रोटीन अर्धवट बनतं आणि कामाचं राहत नाही. हे प्रथिन म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसवलेला पंप. औषध आत शिरलं की परत बाहेर ढकलतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर पंप बंदच. एक बिघडलेली असेल तर पंप आहे, पण पुरा पडत नाही. थोड्या औषधाला पुरतो, जास्त झालं की हात टेकतो. म्हणजे 'कॅरिअर' हा इथे मधला धोका आहे.

रिपोर्ट देणाऱ्या प्रयोगशाळेला फोन केला तर दोन्ही वेळा एकच वाक्य ऐकवलं, "कॅरिअर आहे, बाधित नाही." नाव घेत नाही. इतर आजारांच्या रिपोर्टचा साचा उचलून इथे चिकटवला असावा. सरळ 'नॉर्मल/म्युटंट' (एक प्रत चांगली, एक बिघडलेली) छापलं असतं तर निदान एखाद्याने विचारलं तरी असतं. कुत्र्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर तुम्ही तरी तसंच लिहून घ्या, लाल शाईने.

आता गोळीचा मुद्दा. हार्टवर्मसाठी महिन्यातून एकदा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे २० किलोला ०.१२ मिलिग्रॅम. एवढं तर दोन्ही प्रती बिघडलेल्या कोली जातीच्या कुत्र्यालाही चालतं. डेमोडेक्ससाठी किलोमागे ३०० ते ६०० मायक्रोग्रॅम, आणि तेही रोज. ४०० धरलं तरी दिवसाला ८ मिलिग्रॅम, महिन्याला २४०. म्हणजे दोन हजार पट! औषधाचं नाव तेवढं एक आहे, बाकी काहीच एक नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या कुत्र्यांना किलोमागे १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे विषबाधा होते, हे एवढ्यासाठी लिहितोय की अंतर किती कमी आहे ते दिसावं. गुरांच्या १ टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं. सिरिंजवरची ०.२ ची रेघ आली, की तुमच्या कुत्र्याच्या वजनाला त्या १०० वर पोहोचलात. मायक्रो आणि मिलि यांत गल्लत झाली तर विचारूच नका.

"थोड्यापासून सुरू करू, हळूहळू वाढवू, काही झालं नाही तर पुढे जाऊ" असं तुम्हालाही सांगितलं असेल. कॅरिअरमध्ये हा दिलासा फसवा आहे असं माझं ठाम मत आहे. कुत्र्याच्या रक्तातलं आयव्हरमेक्टिन निम्म्यावर यायला दोन-तीन दिवस लागतात. रोज देत गेलात की थरावर थर साचतो. पहिला आठवडा बिनबोभाट गेला म्हणजे डोस पचला असं नाही. पातळी अजून वर चढत असते.

खरं तर आज आयव्हरमेक्टिनचा हट्ट धरायचं कारणच उरलेलं नाही. आयसोक्साझोलिन गटातल्या गोचीड-पिसवांच्या गोळ्या (फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सॅरोलेनर) डेमोडेक्सवर उत्तम चालतात, आणि फ्लुरालेनर तर दोन्ही प्रती बिघडलेल्या कोलींना नेहमीच्या तिप्पट मात्रेत देऊन तपासलेलं आहे. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर मात्र आधी सांगा, या गटात तो धोका आहे. केस उगवले म्हणून उपचार थांबवू नका. महिन्याच्या अंतराने केलेली त्वचेची दोन स्क्रेपिंग (त्वचा खरवडून केलेली किड्यांची तपासणी) लागोपाठ स्वच्छ यायला हवीत.

आयव्हरमेक्टिन टाळलं म्हणजे विषय मिटला असंही नाही. घरोघरी सापडणारी जुलाब थांबवायची लोपेरामाइडची कॅप्सूल २ मिलिग्रॅमची असते. २० किलोच्या कुत्र्याला एक दिली की किलोमागे ०.१ मिलिग्रॅम होतं, आणि तेवढ्यात या कुत्र्यांचा मेंदू गुंगतो. कॅरिअरलाही देऊ नका. ऑपरेशन किंवा दात साफ करण्यापूर्वी एसीप्रोमाझिन आणि ब्युटॉरफॅनॉल या गुंगीच्या औषधांबद्दल विचारा: मात्रा कॅरिअरला साधारण पाव भाग कमी, दोन्ही बिघडलेल्यांना ३० ते ५० टक्के कमी अशी प्रथा आहे. कॅन्सरसाठी व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन द्यायची वेळ आली तर रिपोर्ट दाखवल्याशिवाय पहिली बाटली लावू देऊ नका. स्पिनोसॅड (पिसवांचं औषध) किंवा केटोकोनाझोल (बुरशीचं औषध) चालू असताना जादा मात्रेचं आयव्हरमेक्टिन तर नॉर्मल कुत्र्यालाही बाधू शकतं, कारण ती पंपच अडवतात.

जाता जाता, आसपास घोडे असतील तर जंताच्या पेस्टकडे लक्ष ठेवा. १.८७ टक्क्यांच्या पेस्टचा अर्धा ग्रॅम, म्हणजे वाटाण्याएवढा ठिपका, यात ९ मिलिग्रॅमच्या वर औषध असतं. घोड्याच्या तोंडातून गळलेलं कुत्रा चाटतो. औषध दिलेल्या घोड्याची लीद खाऊनही बाधा होते. आणि दुसऱ्या कुत्र्याची चाचणी करणार असाल तर गालाच्या आतून स्वॅब घेण्याआधी त्याला खायला देऊ नका. दूधपितं पिल्लू असेल तर आधी आईपासून थोडा वेळ बाजूला ठेवा, नाहीतर आईच्या पेशी येऊन रिपोर्ट चुकायचा.

'पांढरे पाय दिसले तर औषध देऊ नका' हा जुना ठोकताळा विसरा. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २००१ मध्ये हा दोष सापडल्यापासून पाय बघायची गरज नाही. कोलीत साधारण ७० टक्के, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये ५०, जर्मन शेफर्डमध्ये १० टक्के कुत्र्यांत निदान एक तरी बिघडलेली प्रत सापडते. बॉर्डर कोलीत मात्र फार क्वचित, आणि ते बिचारं नावामुळेच बदनाम.

एखादा डोस आधीच देऊन झाला असेल तर आज रात्री त्याला उजेडात आणून बुबुळं बघा. भर उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहिल्या, लाळ गळतेय, मागचे पाय लटपटतायत, हाक मारल्यावर भलतीकडेच बघतोय, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आयव्हरमेक्टिनला उतारा नाही. सलाईन, श्वासाकडे लक्ष, कूस बदलणं, असं दिवसेंदिवस चालतं. लोपेरामाइडला नॅलॉक्सोन हा उतारा आहे, म्हणून काय दिलं, किती मिलिलिटर, किती वाजता, हे कागदावर लिहून आणि बाटली हातात घेऊनच दवाखान्यात जा. उलटी करवायला अपोमॉर्फिन काढलंच, तर ते टोचण्याआधी एमडीआर१ चा रिपोर्ट पुढे करा.