दुप्पट काम करून भागत नाही

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कंपन्यांत वर पोचलेले कृष्णवर्णीय अधिकारी वर्णभेदाला तोंड कसं देतात, आणि तुमच्या टीममधला तसाच एक हुशार सहकारी बढतीत मागे का पडतोय. ‘दुप्पट काम करायचं, बाकीकडे काणाडोळा करायचा’ असं त्यावर एकानं उत्तर दिलंय. दुप्पट काम ती माणसं करतातच, घरातून लहानपणापासून तेच ऐकलेलं असतं. पण इथे एचआरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, नुसत्या त्या जोरावर वर गेलेलं मी कोणी पाहिलं नाही.

झेरॉक्सचं उदाहरण घ्या (हो, आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाला जिचं नाव चिकटलं तीच कंपनी). 1964 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात वांशिक दंगल झाली. कंपनीचं मुख्यालय तेव्हा त्याच शहरात. त्यानंतर तिनं मुद्दाम कृष्णवर्णीयांची भरती वाढवली. घेतलं खरं, पण विक्रीत खरी मेख असते ती कोणाला विक्रीसाठी कुठला भाग मिळतो यात. कमिशन त्यावरच. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या कृष्णवर्णीय विक्रेत्यांनी एकत्र बसून ताडून पाहिलं, तर मलईचे भाग गोऱ्यांकडे आणि रडतखडत चालणारे आपल्याकडे. हा मुद्दा त्यांनी व्यवस्थापनाकडे लावून धरला. शिवाय एकमेकांसमोर विक्रीची तालीम करायची, चुका काढायच्या, ऑफिसात कोणी सांगत नाही त्या खाचाखोचा नवख्याला सांगायच्या, हेही सुरू ठेवलं. पुढे असे गट कंपनीच्या इतर शाखांतही झाले. तक्रार आणि तालीम दोन्ही बरोबरीनं चालली, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

त्याच कंपनीत 1980 मध्ये उर्सुला बर्न्स उन्हाळी इंटर्न म्हणून आल्या. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत एकट्या आईनं वाढवलेली इंजिनियर. एका बैठकीत कोणीतरी विचारलं, विविधतेच्या नावाखाली दर्जा घसरत नाही का? वेलँड हिक्स या बड्या अधिकाऱ्यानं शांतपणे उत्तर दिलं, तर बर्न्स त्यांच्यावरच उखडल्या: असल्या प्रश्नाला उत्तर देऊन मान कशाला देता? हिक्सनी नंतर बोलावून घेतलं, सुनावलंही, पण पुढे आपली सहायक म्हणून नेमलं. 2009 मध्ये त्या कंपनीच्या प्रमुख झाल्या. फॉर्च्यून 500 मधली, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या 500 कंपन्यांच्या यादीतली, अशी पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

धाडस होतंच, पण ते धाडस पचवणारा वरिष्ठही होता. सल्ला देणारे मेंटॉर पैशाला पासरी. बंद दाराआड नाव पुढे करणारा लागतो. डेव्हिड थॉमस यांनी हार्वर्डला असताना केलेल्या अभ्यासात दाखवलंय की वांशिक अल्पसंख्याक अधिकारी सुरुवातीच्या पायऱ्यांवर गोऱ्यांपेक्षा जास्त काळ अडकतात, आणि त्यातून वर जाणाऱ्यांच्या मागे भक्कम नाती असतात.

तरी हुरळून जाऊ नका. बर्न्स 2016 अखेर प्रमुखपदावरून गेल्यावर त्या यादीतल्या कंपनीची कायम प्रमुख म्हणून दुसरी कृष्णवर्णीय स्त्री यायला 2021 उजाडलं: वॉलग्रीन्स या औषध-दुकानांच्या साखळीच्या रोझलिंड ब्रुअर. त्याही 2023 मध्ये गेल्या.

तुमच्या सहकाऱ्याला ‘कसं सहन करतोस’ विचारू नका. गेल्या दोन वर्षांत मोठे क्लायंट कोणाकोणाला दिले गेले ती यादी आधी काढा, आणि बढतीच्या बैठकीत त्याचं नाव कोण घेतं ते बघा. कोणीच घेत नसेल तर तुम्ही घ्या.