वॉकरसकट बाळ पायऱ्यांवरून पडलं. दुकानदार म्हणतो, ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’

प्रश्न : माझ्या मुलाच्या उष्टावणाला भावाने त्याला वॉकर घेऊन दिला. नाशिकरोडच्या दुकानातून २,३५० रुपयांना घेतला, बिल भावाच्या नावावर आहे. दुकानदाराने तो दुकानातच जोडून दिला, माहितीपत्रक दिलं नाही. खोक्यावर ‘बाळाला लवकर चालायला शिकवतो’ असं छापलंय. बनवणाऱ्याचं नाव नाही, फक्त एक ब्रँड आणि ‘मेड इन चायना’. बाळ नऊ महिन्यांचं असताना मी गॅस बंद करायला वळले, तेवढ्यात ते वॉकरसकट दारातून बाहेर जाऊन तीन पायऱ्यांवरून खाली पडलं. कवटीला बारीक तडा गेला. चार दिवस रुग्णालयात होतो, ६८,००० रुपये खर्च आला. आता तेरा महिन्यांचा आहे, बरा आहे, पण एकटा चालत नाही. दुकानदार म्हणतो, लक्ष ठेवायचं काम तुमचं होतं. तरी ५,००० रुपये देतो, ‘तक्रार नाही’ म्हणून सही करा. सासूबाई म्हणतात, प्रकरण वाढवलंस तर तुझ्यावरच येईल. मी काय करू? आणि हे वॉकर अजून विकले जाताहेत, त्याचं काय?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ती भीती मनातून काढून टाका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली मुलाला मारहाण करणं, टाकून देणं, त्याची जाणूनबुजून हेळसांड करणं हा गुन्हा आहे. स्वयंपाकघरात दोन पावलं वळलेली आई त्यात बसत नाही. रुग्णालयाने एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) नोंद केली असेल तर तीही घाबरण्याची गोष्ट नाही. डोक्याच्या दुखापतीत अशी नोंद बहुतेक वेळा होते, आणि पुढे ती तुमच्याच उपयोगी पडेल. ग्राहक आयोगातली तक्रार ही नुकसानभरपाईची असते. तिथे तुमच्यावर कोणी आरोप ठेवत नाही.

दुसरं, त्या कागदावर सही करू नका. ५,००० रुपयांत औषधाचं बिलही निघत नाही, आणि ती सही पुढे प्रत्येक तारखेला तुमच्यापुढे धरली जाईल. बदली वॉकरही घेऊ नका.

आता तो वॉकर. माळ्यावर असेल तसा राहू द्या. चाक निखळलं असेल तर बसवू नका, रक्ताचा किंवा मातीचा डाग असेल तर पुसू नका, ‘कंपनीला दाखवतो’ म्हणून दुकानदाराने मागितला तरी देऊ नका. तोच तुमचा मुख्य पुरावा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. वस्तूच नसेल तर हा रस्ता बंद.

दिवसाउजेडी तो हळूच उलटा करा आणि तळाचे फोटो काढा. तळाच्या कडेला, चाकांच्या मधल्या जागेत, रबराच्या पट्ट्या आहेत का पाहा. चांगल्या रचनेत पुढचं चाक पायरीच्या कडेवरून अधांतरी झालं की तळ खाली बसतो, या पट्ट्या जमिनीला घासतात आणि वॉकर तिथेच अडतो. पट्ट्या नसतील, किंवा हाताला गुळगुळीत, घट्ट प्लास्टिकसारख्या लागत असतील, तर तुमच्या तक्रारीचा कणा तिथेच आहे. अमेरिकेत पायरीच्या कडेला थांबण्याची ही अट १९९७ च्या ऐच्छिक मानकात आली आणि २०१० पासून सक्तीची झाली. म्हणजे सुरक्षित रचना माहीत होती, शक्य होती, आणि ती या वस्तूत केलेली नाही, असं तुम्हाला मांडता येतं. मोजपट्टी ठेवून फोटो काढा : तळाची रुंदी, बैठकीची उंची, पायऱ्यांची उंची, दाराची रुंदी. खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो घ्या आणि खोकं जपून ठेवा. मोबाइलमधले फोटो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून ज्या फोनवर काढाल तो फोन विकू नका.

रुग्णालयाचे कागद आणाल तेव्हा डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ नीट वाचा. ‘उंचीवरून पडले’ एवढंच लिहिलं असेल तर समोरचा म्हणणार, पलंगावरून पडलं असेल, वॉकरचा काय संबंध? पूर्ण केस पेपर्सची प्रत लेखी अर्ज करून मागवा. दाखल करताना तुम्ही सांगितलेली हकीकत, वॉकरसकट पायऱ्यांवरून पडल्याची, त्यात बहुधा सापडते. कागदात खाडाखोड मात्र कोणाकडूनही करून घेऊ नका.

जबाबदार कोण? २०१९ च्या कायद्याने ‘उत्पादन दायित्व’ असं स्वतंत्र प्रकरणच आणलं, कलम ८२ ते ८७. कलम ८४ प्रमाणे रचनेत दोष असेल किंवा इजा टाळण्यासाठी पुरेशा सूचना, इशारे दिले नसतील तर उत्पादक जबाबदार. पण तुमचा उत्पादकच अज्ञात आहे, आणि दुकानदाराला वाटतंय की त्यामुळे तो सुटला. कायदा नेमका उलट बोलतो. कलम ८६ प्रमाणे उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा कळूनही त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेता जबाबदार धरला जातो. शिवाय वस्तू जोडण्यात, तपासण्यात वाजवी काळजी घेतली नाही, किंवा उत्पादकाचे इशारे-सूचना ग्राहकापर्यंत पोचवल्या नाहीत, तरी विक्रेता जबाबदार. त्याने वॉकर स्वतः जोडला आणि पत्रक दिलं नाही. हे दोन्ही तुमच्या भावाच्या शपथपत्रात स्पष्ट यायला हवं, कारण दुकानात उभा तो होता.

आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर आयातदाराचं नाव, पूर्ण पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क छापणं वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. खोक्यावर ते नसेल तर वैध मापनशास्त्र कार्यालयात वेगळा अर्ज द्या. त्यांच्या चौकशीत दुकानदाराला माल कुठून आला हे सांगावं लागेल. मग आयातदारालाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करता येईल.

बिल भावाच्या नावावर आहे याने फार बिघडत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच, आणि अज्ञानाच्या, म्हणजे अल्पवयीन मुलाच्या, वतीने पालक तक्रार करू शकतात. तक्रारदार क्रमांक १ बाळ, अज्ञान पालनकर्ती आई म्हणून तुमच्यामार्फत. क्रमांक २ आणि ३ तुम्ही दोघं, आई आणि वडील. ही मांडणी मी मुद्दाम सुचवते आहे. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूल आणि त्याचे आईवडील दोघांनाही ग्राहक मानून दोघांची भरपाई स्वतंत्रपणे कायम केली. ते प्रकरण वैद्यकीय निष्काळजीपणाचं होतं, पण तत्त्व इथे चालतं. याचा दुसरा फायदा लगेच सांगते.

‘तुमचं लक्ष कुठे होतं’ हाच त्यांचा मुख्य बचाव असणार. त्याला तीन पातळ्यांवर उत्तर द्यायचं. पहिली, बाळाची. नऊ महिन्यांच्या मुलाला निष्काळजी म्हणता येत नाही, आणि आईची चूक, समजा मानलीच, तरी ती बाळाच्या हक्कातून वजा होत नाही. वजावट झालीच तर तुमच्या स्वतःच्या भरपाईतून होईल. म्हणून तर बाळाला वेगळं तक्रारदार करायचं.

दुसरी, वस्तूच्या वेगाची. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापू शकतं. ओट्यापासून दारापर्यंत तुमच्या घरात किती फूट आहे ते मोजा आणि तक्रारीत लिहा. बारा फूट असेल तर बाळ चार सेकंदांत दारात. गॅसची कळ फिरवून मागे वळायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालची २,३०,६७६ मुलं वॉकरच्या दुखापतींमुळे तातडीच्या विभागात आल्याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली ७४.१ टक्के जिन्यावरून पडलेली, आणि ९०.६ टक्क्यांना मार डोक्याला किंवा मानेला. जी गोष्ट इतक्या घरांत एकाच पद्धतीने घडते, तिला एका आईची बेपर्वाई म्हणता येत नाही. कॅनडाने तर एप्रिल २००४ पासून वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात बंद केली; जुना वॉकर विकणंही तिथे बेकायदा आहे.

तिसरी पातळी कलम ८७ ची. उघड दिसणाऱ्या, सर्वांना माहीत असलेल्या धोक्याबद्दल इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार नसतो, असा अपवाद त्यात आहे, आणि समोरचे वकील म्हणतील की महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पांगुळगाडा वापरतात, धोका कोणाला ठाऊक नाही? इथे ठामपणे फरक दाखवायचा. लाकडी पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं, तोल स्वतः सांभाळतं आणि गाडा ढकलतं. पाय उचलतील तेवढाच गाडा पुढे जातो. वॉकरमध्ये मूल झोळीत बसतं, बोटांच्या टोकांनी जमीन रेटतं आणि चाकं त्याला त्याच्या ताकदीपलीकडे पळवतात. पांगुळगाड्याच्या अनुभवातून वॉकरचा धोका कळत नाही. खोक्यावर तर ती शिकवणारी वस्तू म्हणून छापली होती.

त्या छापील वाक्यावर मी बराच भर देईन. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात १०९ बाळं तपासली. वॉकर वापरणारी बाळं बसायला, रांगायला, चालायला उशिरा शिकली. २००२ च्या डब्लिनमधल्या अभ्यासात वॉकरच्या दर २४ तासांच्या वापरामागे एकट्याने चालणं ३.३ दिवसांनी आणि आधाराशिवाय उभं राहणं ३.७ दिवसांनी लांबल्याचं आढळलं. कारण साधं आहे. झोळी तोल सांभाळते, त्यामुळे मूल तोल शिकत नाही. थाळीमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. रांगायला जमीनच मिळत नाही. मग ‘लवकर चालायला शिकवतो’ हे कशाच्या आधारावर छापलं? पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या उपयुक्ततेची हमी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि चाचणी केली होती हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने हमी देणाऱ्यावर टाकला आहे, तुमच्यावर नाही.

मात्र बाळ अजून चालत नाही याची भरपाई मागू नका. तुमच्या मनात ते सलत असणार, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात एकट्याने चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आहे. तेरावा महिना त्यात आरामात बसतो. वरचे अभ्यास दिवसांची भाषा करतात, कायमच्या नुकसानाची नाही. ही मागणी घातलीत तर समोरचा तीच धरून सगळी तक्रार अतिरंजित ठरवेल. डोक्याच्या दुखापतीनंतरची तपासणी मात्र चुकवू नका, आणि दर वेळेचा कागद फाइलला लावा.

मागणी अशी ठेवा : औषधोपचाराचे ६८,००० रुपये बिलांसह (विमा कंपनीने काही दिले असतील तर ते उघड सांगून), येण्याजाण्याचा खर्च, तुम्ही दोघांनी घेतलेली बिनपगारी रजा, पुढच्या तपासण्यांचा खर्च, बाळाच्या वेदना आणि तुमच्या मानसिक त्रासाची वेगळी रक्कम, वॉकरची किंमत, तक्रारीचा खर्च. बाळ पूर्ण बरं असताना पंचवीस लाख मागितले तर विश्वासार्हता जाते. आधार दाखवता येईल तेवढंच मागा.

आधी दुकानदाराला स्पीड पोस्टाने पोचपावतीसह १५ दिवसांची नोटीस पाठवा. त्यात वॉकरच्या खरेदीची पावती, पुरवठादाराचं नाव-पत्ता मागा. हे न देणंही पुढे कामाला येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवता येईल, पण तिथे समेट होतो, हुकूम मिळत नाही. मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तुमचे चार महिने गेलेत. ‘प्रकरण गुंतागुंतीचं आहे, दिवाणी न्यायालयात जा’ अशी हरकत येऊ शकते, म्हणून उपचार करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांचं शपथपत्र सुरुवातीलाच जोडा. तीन महिन्यांत, प्रयोगशाळा तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तयारी तशी ठेवा.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. भारतात वॉकरवर बंदी नाही. पण कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचे अधिकार प्राधिकरणाला कलम २० ने दिले आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम २१ खाली १० लाखांपर्यंत दंड करता येतो. खोक्याचे फोटो, डिस्चार्ज कार्ड आणि तळाचे फोटो जोडून हा अर्ज आयोगातल्या तक्रारीची वाट न पाहता पाठवा.

आणि निकाल लागून अपिलाची मुदत संपल्यावर तो वॉकर कोणाला वापरायला देऊ नका, जुन्या वस्तूंच्या ॲपवरही टाकू नका. झोळी कात्रीने कापून, चाकं काढून मगच भंगारात द्या.