लाटेकमध्ये मोठा फ्लोचार्ट काढताना बाण चौकटींवरून जातात, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रबंधासाठी टिक्झमध्ये (म्हणजे लाटेक या मजकूर-जुळणीच्या प्रणालीतलं चित्रं काढायचं पॅकेज) न्यूटन-राफसन या समीकरणाचं मूळ शोधण्याच्या पद्धतीचा तीसेक चौकटींचा फ्लोचार्ट काढताय. मध्ये एक चौकट घातली की खालचं सगळं हाताने सरकवावं लागतं, मागे वळणारे बाण दुसऱ्या चौकटींवरून जातात आणि मराठी अक्षरं तुटतात. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा.)

पहिल्या दोन त्रासांचं मूळ एकच आहे. तुम्ही प्रत्येक चौकटीची जागा आकड्यांनी दिली आहे. फ्लोचार्टमध्ये आकडे फक्त अंतरांचे असावेत, जागा नावांवरून ठरावी. आणि बाणांसाठी वाट आधी राखून ठेवावी, चौकटी मांडून झाल्यावर शोधू नये.

म्हणून आधी कागदावर हिशोब करा. ए-4 पानाला चारही बाजूंनी 25 मिमी समास सोडला की 160 × 247 मिमी जागा उरते. 40 मिमी रुंदीचे तीन स्तंभ, त्यांच्यात 10 मिमीच्या दोन फटी, शिवाय डावीउजवीकडे बाण उतरायला 8 मिमीची एकेक गल्ली: 120 + 20 + 16 = 156. बसतं. उभ्या दिशेला साधी चौकट 10 मिमी, निर्णयाची 20 मिमी आणि मधलं अंतर 7 मिमी धरा. 11 ओळींपैकी चार ओळींत निर्णय असले तर 70 + 80 + 70 = 220 मिमी होतात, म्हणजे चित्राखालच्या मथळ्यालाही जागा राहते. अशा पानावर वीस-बावीस चौकटी मोकळेपणी बसतात. तीस बसवायचा हट्ट करू नका. दोन चित्रं करा आणि तुटलेल्या जागी दोन्हीकडे एकच अक्षर लिहिलेलं छोटं वर्तुळ काढा. जोडणीचं हे चिन्ह आयएसओ 5807 या 1985 च्या मानकातलंच आहे, परीक्षकाला ते लगेच कळतं.

चित्र मोठं झालं म्हणून रिसाइझबॉक्समध्ये, म्हणजे सगळंच लहान करणाऱ्या कमांडमध्ये, कोंबू नका. त्यात अक्षरंही आक्रसतात आणि 10 पॉइंटचा मजकूर सहा पॉइंटवर येतो. नुसतं स्केल दिलं तर उलटाच घोटाळा होतो: निर्देशांक जवळ येतात, चौकटी तेवढ्याच राहतात आणि एकमेकींवर चढतात.

आता मांडणी. टिक्झची पोझिशनिंग लायब्ररी (जोड-सुविधा) घ्या आणि 'नोड डिस्टन्स = 7 मिमी अँड 10 मिमी' असं लिहा. नोड म्हणजे टिक्झच्या भाषेत चौकट. पहिला आकडा उभ्या अंतराचा, दुसरा आडव्या. पुढची चौकट 'बिलो = ऑफ गणना' अशी ठेवा ('गणना' हे वरच्या चौकटीचं नाव). इथे बरोबरचं चिन्ह कुठे आहे ते नीट बघा. 'बिलो ऑफ = गणना' हे जुनं रूप आहे, ते केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजतं. त्यामुळे उंच चौकट आली की फट कमी होते. 'बिलो = ऑफ' कडेपासून कडेपर्यंत मोजतं. इंटरनेटवरच्या जुन्या उदाहरणांत 'बिलो ऑफ =' हेच रूप जास्त दिसतं आणि निम्मा गोंधळ तिथूनच येतो. या पद्धतीत मध्ये चौकट घालायची तर नवी ओळ लिहायची आणि तिच्या खालच्या एकाच चौकटीतलं नाव बदलायचं. बाकी सगळं आपोआप खाली सरकतं.

मॅट्रिक्स लायब्ररीनेही स्तंभ छान जुळतात, पण तिथे तीन गोष्टी सांभाळा. शेवटच्या ओळीनंतरही दोन बॅकस्लॅश द्यावे लागतात. मॅट्रिक्सच्या 'नोड्स' या पर्यायात अँकर (चौकटीचा जुळणीचा बिंदू) सेंटर द्या, नाहीतर दोन ओळींची चौकट शेजारच्या चौकटीच्या मध्याशी जुळत नाही. आणि चौकटीला स्वतःचं नाव द्या. ओळ-स्तंभाच्या क्रमांकावर बाण बांधलेत तर एक ओळ वाढताच सगळे बाण चुकतात.

निर्णयाची शंकरपाळी शेप्स.जिऑमेट्रिक लायब्ररीत मिळते (मध्ये टिंब आहे). ती अवाढव्य का होते, ते समजून घ्या. मजकुराचा आयत तिच्या आत मावायचा असतो, म्हणून तिची रुंदी = मजकुराची रुंदी + आस्पेक्ट × मजकुराची उंची. (आस्पेक्ट म्हणजे शंकरपाळीच्या रुंदीचं उंचीशी गुणोत्तर.) उंची त्या रुंदीला आस्पेक्टने भागून येते. 30 × 10 मिमी मजकुराला आस्पेक्ट 1 ठेवला तर 40 × 40 मिमीचा राक्षस तयार होतो. आस्पेक्ट 2 केला की 50 × 25. मजकूर 20 × 10 मध्ये बसवला तर 40 × 20, म्हणजे वरच्या हिशोबातला स्तंभ. मजकुराभोवतीचा इनर सेप, म्हणजे आतली मोकळी जागा, यात आणखी भर घालतो, तो शंकरपाळीपुरता 1 पॉइंट करा. प्रश्नही आखूड लिहा. 'फलनाचं मूल्य ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे का?' याऐवजी 'मूल्य मर्यादेत?' पुरतं.

आता मागे वळणारा बाण. तुमच्या चार्टमध्ये 'नवा अंदाज' पासून वर 'गणना' कडे जायचं आहे आणि मध्ये 'मूल्य मर्यादेत?' व 'उतार शून्य?' अशा दोन शंकरपाळ्या आहेत. सहसा असं लिहिलं जातं ('नवा' हे 'नवा अंदाज' चौकटीचं नाव, वेस्ट म्हणजे डाव्या कडेचा मध्य):

(नवा.वेस्ट) -- ++(-8 मिमी, 0) |- (गणना.वेस्ट)

यातले 8 मिमी 'नवा' च्या कडेपासून मोजले जातात. शंकरपाळी त्याहून बाहेर आलेली असली की बाण तिच्यातून आरपार जातो. आकडा वाढवून तात्पुरतं भागतं, पण मजकूर बदलला की पुन्हा तेच. त्याऐवजी फिट लायब्ररी वापरून या चारही चौकटींना वेढणारा एक अदृश्य नोड करा. त्याला ड्रॉ (कडेची रेघ) द्यायचं नाही, इनर सेप शून्य, नाव 'फेरा'. मग 'फेरा' च्या डाव्या कडेपासून 8 मिमी बाहेर 'गल्ली' नावाचा कोऑर्डिनेट (नाव दिलेला बिंदू) ठेवा आणि बाण असा काढा:

(नवा.वेस्ट) -- (नवा.वेस्ट -| गल्ली) |- (गणना.वेस्ट)

मधल्या कंसाचा अर्थ: उंची 'नवा' ची, आडवी जागा 'गल्ली' ची. आता कुठलीही चौकट रुंद झाली तरी गल्ली स्वतःहून बाहेर सरकते. दुसरा मागे जाणारा बाण असेल तर त्याला 4 मिमी आणखी बाहेरची, वेगळी गल्ली द्या. दोन बाण एकाच रेघेवर आले तर वाचणाऱ्याला कोणता कुठे गेला ते कळत नाही.

'हो' आणि 'नाही' ही लेबलं भलतीकडे जातात त्याचं कारण: काटकोनी वाटेवर पोझिशन 0.5 म्हणजे बरोबर कोपरा. मिडवे दिलं की लेबल कोपऱ्यावर बसतं. निअर स्टार्ट, म्हणजे 0.25, पहिल्या सरळ भागाच्या मध्यावर येतं. लेबल नेहमी शंकरपाळीजवळच हवं, वाचणारा तिथे निर्णय घेत असतो.

मराठी अक्षरांचा प्रश्न टिक्झचा नाहीच. फाइल कंपाइल करायला पीडीएफलाटेक सोडा, लुआलाटेक किंवा झीलाटेक वापरा. फॉन्टस्पेक या पॅकेजमध्ये फॉन्ट निवडताना स्क्रिप्ट = देवनागरी लिहिलंच पाहिजे; लुआलाटेकमध्ये त्याबरोबर रेंडरर = हार्फबझ. हे राहिलं की जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका फॉन्ट मोफत आहे आणि त्यात रोमन अक्षरंही आहेत, त्यामुळे सूत्रांशेजारी मजकूर परका वाटत नाही. चौकटींना मिनिमम हाइट 10 मिमी द्या. वर रफार-मात्रा आणि खाली उकार असलेला शब्द आला की एखादीच चौकट उंच होते आणि रांग बिघडते. किमान उंची ठरली की तो फरक आतच जिरतो.

चुकीचे संदेश लांबलचक असतात, कारणं मोजकीच. 'गिव्हिंग अप ऑन धिस पाथ' आलं तर त्या किंवा आधीच्या ओळीचा अर्धविराम राहिलाय. 'नो शेप नेम्ड' आलं तर नावाचं स्पेलिंग चुकलंय किंवा चौकट बाणानंतर लिहिली आहे. नोडच्या नावात टिंब घालू नका, टिक्झ त्यापुढचा भाग अँकर समजतं. चौकट बाणाआधीच यावी म्हणून आधी सगळ्या चौकटी, मग गल्ल्या, शेवटी बाण, हा क्रम फाइलमध्ये पाळा. आणि चित्र स्टँडअलोन क्लासमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवा. पूर्ण प्रबंध पुन्हा पुन्हा कंपाइल न करता फक्त चित्र तपासता येतं, आणि तयार पीडीएफ प्रबंधात इन्क्लूडग्राफिक्सने मूळ आकारातच घेता येते.