विद्यार्थी विचारतात, सिव्हिल इंजिनिअरिंगला लाकूड कशाला शिकायचं? सगळं बांधकाम तर आरसीसीचंच होतं!

स्लॅब ओतताना खाली सेंटरिंगला, म्हणजे तात्पुरत्या आधाराला, फळ्या-वासे अजून लागतातच की. आणि वाईतल्या एखाद्या जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली, तर सागवानी तुळया तपासणार कोण?

पण खरी गंमत मेकॅनिक्समध्ये आहे. स्टील सगळ्या दिशांना जवळपास सारखंच वागतं, लाकूड नाही. रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनं दमदार, आडवं ताणलं की चिरतं. साताऱ्यात कुठल्याही वखारीत ओंडका फोडताना बघा, कुऱ्हाड रेषेतच घालतात. ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली उतरला की लाकूड आकसतं, पण ताकद वाढते. सागाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे कडकपणाचं माप, स्टीलच्या जेमतेम विसाव्या भागाइतका, त्यामुळे लांब गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) बरेचदा ताकदीआधी वाकच नडतो. डिझाइनसाठी आयएस 883 हे लाकडी बांधकामाचं भारतीय मानक चाळा. परीक्षेच्या गाइडवर भागवू नका.