शहरी फोटोग्राफी आणि पारंपरिक कारागिरीचे नवे प्रयोग यांतून डिझाइनसाठी प्रेरणा कशी मिळवावी?

मिळते की. फक्त आधी ते हातांचे फोटो काढणं बंद करा.

कुठले हात ते कळलंच असेल. कारागिरांचे सुरकुतलेले, काळवंडलेले, ब्लॅक अँड व्हाइट. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरे अडकवून मंडळी येतात आणि तेवढंच टिपून जातात. माझं आजोळ त्या आळीतलं, त्यामुळे जरा जास्तच बोचतं. मामा घंगाळं, हंडे, बंब करायचा. स्टील आणि गिझरने त्या धंद्याचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

मी एका फोटोग्राफी ग्रुपमध्ये होते. प्रदर्शनासाठी मामाच्या कामाचे रंगीत फोटो दिले, तर तिथले एक ज्येष्ठ म्हणाले, "रंगामुळे लक्ष विचलित होतं. मोनोक्रोम कर, कामाचा आत्मा दिसेल." अहो, तांब्याचा रंगच काढून घेतल्यावर दिसणार काय, कपाळ? भट्टीतून निघालेलं भांडं काळंकुट्ट असतं. धुतलं की फिकट गुलाबी होतं, आणि तापवल्यामुळे पत्रा नरम पडलेला असतो. मग लोखंडी दांड्यावर धरून मठार, म्हणजे हातोडीने ठोकणं, सुरू. एकेक ठोका आधीच्या ठोक्याला लागून, ओळीने. हातोडीचं तोंड एकदम गुळगुळीत लागतं. त्यावर बारीकसा चरा असला तरी तो प्रत्येक ठोक्यात उमटतो. ठोकून झालेला भाग चकाकतो, पुढचा अजून मंद गुलाबी, आणि ती सीमा हळूहळू भांडंभर सरकत जाते. ठोक्यांनी पत्रा कडकही होतो, म्हणजे मठार नुसती नक्षी नव्हे. नेमका हाच अर्धा ठोकलेल्या घंगाळाचा फोटो मी दिला होता. तो नाकारला. भिंतीवर काय लागलं? हात!

छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी हयातभर भारत रंगीत टिपला. त्यांच्या मुंबईच्या फोटोंत दुकानांच्या काचा, त्यांतली प्रतिबिंबं, रस्त्यावरची गर्दी सगळं एकाच चौकटीत येतं. ते बघा. रंग काढला तर त्यातलं निम्मं चित्र कोसळेल.

आता नव्या प्रयोगांबद्दल. वारसा जतनाचं काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने आळीतल्या कारागिरांबरोबर काम केलं, डिझायनर आले, मठार केलेले दिवे, वाडगे, ट्रे निघाले. मामा कुरकुरायचा, "यात पाणी कुठे तापवायचं?" मला विचाराल तर दिव्याइतकी मठाराला शोभेल अशी वस्तू नाही. प्रत्येक खळगा उजेड वेगळा परततो. घंगाळ न्हाणीघराच्या अंधारात पडून असायचं, तिथे ते कोण बघणार? मामाला हे शेवटपर्यंत पटलं नाही, पण मजुरी बरी मिळायची म्हणून कामं घेतली. साच्यात दाबून काढलेल्या 'हॅमर्ड' बाटल्यांना मात्र नवा प्रयोग म्हणू नका. खळगे नीट बघा, तीच नक्षी पुन्हा पुन्हा येते.

तर डिझाइनसाठी काही हवं असेल तर अर्धवट झालेलं काम बघा. तयार माल शोरूममध्येही दिसतो. आणि कारागिराला एका नगामागे मजुरी किती मिळते ते विचारा. नंतर तुमच्या डिझाइनची किंमत ठरवताना उपयोगी पडेल.

ब्लॅक अँड व्हाइट वाईट असतं असं नाही हं. वाड्यांचे दगडी जोते, दिंडी दरवाजे, उन्हाच्या तिरिपा त्यात झकास येतात. आणि आळीत बऱ्याच जणांचं घर आणि कारखाना एकच असतो, तेव्हा विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका.

तरीही कोणी 'आत्मा' वगैरे काढलाच, तर एक पितळेचा तांब्या आणि एक तांब्याचा तांब्या शेजारी ठेवून मोनोक्रोम फोटो काढा आणि कुठला कुठला ते त्यांना ओळखायला सांगा.