वाचकांचे प्रश्न : ‘चटका लावणारी’ म्हणजे नेमकं कुठे?

प्रश्न : गेल्या दोन महिन्यांत वाचनालयातून चार पुस्तकं आणून वाचली आणि वहीत मतं लिहिली. ‘कोसला’ : कंटाळवाणी, सारखं ‘वगैरे वगैरे’. ‘रणांगण’ : छोटी पण चटका लावणारी. ‘बलुतं’ : लेखक स्वतःशीच का बोलतो, कळलं नाही. ‘युगान्त’ : महाभारतातल्या माणसांना उगाच खाली ओढलंय. बहीण म्हणते, ही मतं कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतील. तिचं बरोबर आहे का?

उत्तर : ‘रणांगण’पुरतं सोळा आणे बरोबर. विश्राम बेडेकरांच्या या 1939च्या कादंबरीत युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि ज्यू हार्टा भेटतात. चटका बसला तो बोटीवर दोघं एकत्र असताना, की मुंबई आल्यावर? तेवढं लिहिलंत की मत तुमचं झालं.

बाकी तीन मतांत धागा सापडलाय, पण तुम्ही तो अर्ध्यावर सोडलाय.

‘कोसला’तलं ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे कादंबरीच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकरचं, पालुपद आहे. मोठे शब्द वापरायची वेळ आली की तो त्याआड दडतो. सुरुवातीचं एक पान घ्या, धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या प्रकरणातलं एक घ्या आणि दोन्हींतले ‘वगैरे’ मोजा. मग ‘कंटाळवाणी’ ठेवायचं की खोडायचं ते ठरवा. ठेवलंत तरी हरकत नाही, कारण जवळ आकडा असेल.

चौघांत सरस मत ‘बलुतं’वरचं. दया पवारांचं मूळ नाव दगडू. 1978च्या या आत्मकथनात दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे शिकून पांढरपेशा झालेल्या स्वतःलाच. तुमचं ‘का बोलतो’ हे पुस्तकात शिरायचं दार आहे, आणि तुम्ही उंबऱ्यावरून परतलात.

‘युगान्त’बाबत घोळ वेगळा आहे. खाली ओढलं, पण कुठून? कीर्तनातल्या, मालिकेतल्या की संहितेतल्या जागेवरून? ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्व्यांनी आधाराला घेतली ती भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ. मागाहून शिरलेला बराच मजकूर तिथे मुख्य पाठातून काढलेला आहे. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही कथासुद्धा त्यात गेली. आपल्या मनातला भीष्म कुठून आला ते आधी लिहा, मग बाईंशी खुशाल भांडा.

पुस्तक वाचनालयाचं असल्याने पेन्सिल नकोच. चिकट चिठ्ठ्याही नकोत, जुन्या कागदाचा पापुद्रा निघतो. पाठकोऱ्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. पट्टीवर पान क्रमांक, प्रकरण आणि तीन-चार शब्द पुरे. आवृत्ती बदलली की पानं सरकतात, म्हणून प्रकरण हवंच. मत दोन दिवसांनी लिहा, दहा ओळींत. त्यात कथानक दोनच ओळी. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. आठ ओळी गोष्टीत जातात आणि उरलेल्या दोन ओळींत ‘प्रत्येकाने वाचावं असं’ येऊन बसतं.

प्रश्न : अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर मत लिहावं का?

उत्तर : जरूर. फक्त कुठल्या पानावर थांबलात ते पहिल्याच ओळीत सांगा. कथासंग्रह असेल तर वाचलेल्या कथांची नावं द्या.